प्रोटीन घेऊ का, मॅडम?

उन्हाळी क्रीडा शिबिराच्या वेळापत्रकात आहारतज्ज्ञाचं व्याख्यान कुठे टाकायचं, याबाबत महाराष्ट्रातल्या यच्चयावत संयोजकांचं एकमत आहे. दुपारी अडीच ते साडेतीन. सकाळी सराव, संध्याकाळी सामने, रात्री पाहुण्यांचे सत्कार. मधे उरतो तो हा तास. त्याच्या आधी नुकतीच मुलांची पंगत उठलेली असते. पंगतीत मसालेभात, पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि एखाद्या दानशूर व्यापाऱ्याने वर्गणी टाळण्यासाठी पाठवलेली जिलबी. एवढं सगळं पोटात गेल्यावर मी फळ्यावर ‘संतुलित आहार’ असं लिहून मागे वळते, तर सतरंजीवरची निम्मी मुलं एकमेकांच्या खांद्यावर कलंडलेली असतात. कबड्डीची पोरं झोपेतही साखळी सोडत नाहीत, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

भिंतीवर संयोजकांनी लावलेलं पोस्टर असतं. ते इंटरनेटवरून घेतलेलं असल्यामुळे त्यातल्या ताटात ब्रोकोली, सॅल्मन मासा, अव्होकाडोच्या फोडी आणि क्विनोआ नावाचं प्रकरण सुखाने नांदत असतं. हे शिबिर कऱ्हाडला असो की बार्शीला, पोस्टर तेच. जागी असलेली मुलं त्याच्याकडे टक लावून बघत राहतात. ‘मॅडम, ते झाड खायचं असतं का?’ असं एका खो-खोपटूने विचारलं होतं. ब्रोकोलीबद्दल इतका नेमका प्रश्न मी कुठल्याही परिषदेत ऐकलेला नाही.

शेवटी ‘काही शंका?’ म्हटलं की एक हात वर होतो. मुलं बदलतात, गावं बदलतात, खेळ बदलतो, शंका तीच.

‘प्रोटीन घेऊ का, मॅडम?’

प्रोटीन म्हणजे डाळ नव्हे, अंडं नव्हे, दूध तर नव्हेच. प्रोटीन म्हणजे काळा कुळकुळीत डबा. त्यावर दंड फुगवलेला एक माणूस, ज्याला मान नसते. आत पिठीसारखी भुकटी आणि त्या भुकटीत दडलेला चमचा. तो शोधायला कोपरापर्यंत हात घालावा लागतो, तेव्हा दंडाला होईल तेवढा व्यायाम फुकट. किंमत चार-पाच हजार. विचारणारा पंधरा वर्षांचा, ओठांवर मिसरूड फुटू की नको अशा विचारात, वजन पंचावन्न किलो. चुलतभाऊ जिममध्ये जातो आणि त्याने सांगितलंय की प्रोटीनशिवाय बॉडी बनत नाही. या वयात चुलतभावाच्या शब्दाला जे वजन असतं, ते पुढे आयुष्यात कोणाच्याच शब्दाला येत नाही.

मी खडू घेते. खेळणाऱ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण १.२ ते २ ग्रॅम प्रथिनं लागतात. पंचावन्न किलोंना मधला सोयीचा आकडा धरला तर दिवसाला ऐंशी. आता सांग, काल काय खाल्लंस? अर्धा लिटर दूध: सोळा ग्रॅम. दोन अंडी: बारा. दोन वाट्या घट्ट वरण: चौदा. मूठभर शेंगदाणे: सात-आठ. मूठभर फुटाणे: सहा. आणि दिवसभरात पोळ्या किती? तो लाजून खाली बघतो. शेजारचा सांगतो, ‘आठ, मॅडम. लग्नात असेल तर मोजत नाहीत.’ आठ पोळ्यांचे चोवीस. बेरीज ऐंशी.

फळ्यावर ऐंशी आलेले पाहून पोराचा चेहरा उतरतो. आपल्याला हवं ते आपल्या घरातच होतं, हे कळल्यावर माणसाला आनंद व्हायला हवा. पण पंधराव्या वर्षी तसं होत नाही. ज्या वरणाला तो रोज नाक मुरडतो त्यानेच दंड फुगतात, ही बातमी त्याच्या दृष्टीने अपमानास्पद असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात स्नायू कमावण्यासाठी प्रथिनांची पूरकं घेऊ नका असं स्वच्छ म्हटलंय, हेही मी सांगते. तो मान डोलावतो. मग उठून मित्राच्या कानात काही तरी बोलतो. ‘चुलतभाऊ म्हणतो तेच खरं असणार, मॅडमच्या दंडाकडे बघ,’ असं ते असावं.

मुलांचा युक्तिवाद कच्चा असतो असं कोणी समजू नये. व्याख्यानाला झोपणारी मुलं अवांतर वाचन जोरात करतात, आणि ते सगळं मोबाइलवर. मी तळलेलं कमी खा म्हटलं की लगेच उत्तर तयार: ‘मॅडम, उसेन बोल्टने बीजिंगला दहा दिवसांत हजार चिकन नगेट्स खाल्ले होते.’ हे बोल्टने स्वतःच आत्मचरित्रात लिहिलंय, त्यामुळे मला खोडता येत नाही. तिथे त्याला दुसरं काही रुचत नव्हतं आणि नगेट्स खाऊन त्याने तीन विश्वविक्रम मोडले. पोहणारी मुलं मायकेल फेल्प्सचे रोजचे बारा हजार कॅलरी सांगतात. पुढे फेल्प्सनेच ती दंतकथा असल्याचं सांगितलं, पण खुलासा कोणी पुढे पाठवत नाही, दंतकथा पाठवतात. क्रिकेटवाल्यांचा हुकमी एक्का म्हणजे सचिनला वडापाव आवडतो. आता वडापाव आवडणारी माणसं या राज्यात कोट्यवधी आहेत आणि त्यातल्या एकानेच शंभर शतकं काढली, हे मी सांगून पाहिलं. ‘म्हणजे चान्स आहे ना, मॅडम,’ असं उत्तर आलं.

तर मुलांना आहार शिकवायचा म्हणजे नेमकं कोणाला शिकवायचं, हा खरा पेच आहे. पंधरा वर्षांच्या मुलाच्या हातात ताट असतं, पळी नसते. पळी आईच्या हातात, देवघराजवळचा बदामांचा डबा आजीच्या ताब्यात, पैसे बाबांच्या खिशात, शिट्टी सरांच्या गळ्यात. त्याच्या हातात फक्त मोबाइल. व्याख्यान मात्र त्याला.

म्हणून मी आहारवही सुरू केली. रोज जे पोटात गेलं ते लिहायचं, आठवड्याने मला दाखवायचं. या वह्या म्हणजे मराठी कौटुंबिक साहित्यातलं एक दुर्लक्षित दालन आहे. एका वहीत पहिले चार दिवस वळणदार, टपोऱ्या अक्षरात नोंदी होत्या: ‘सकाळी नाचणीचं सत्त्व. दहा वाजता डाळिंब. दुपारी पोळी, पालकाची भाजी, कोशिंबीर, ताक. संध्याकाळी मोड आलेले मूग.’ असं जेवणारा मुलगा भारतात असेल तर त्याची मिरवणूक काढायला हवी. पाचव्या दिवशी आई बहुधा माहेरी गेली, कारण अक्षर एकदम कोंबडीच्या पायाचं झालं आणि नोंद आली: ‘मॅगी. मॅगी. केळं (अर्धं). वडापाव २, पैकी १ ओंकारचा.’ सहाव्या दिवशी पुन्हा टपोरं अक्षर, पुन्हा पालक. मी दोन्ही अक्षरांकडे बघून काही बोलले नाही. मुलगाही काही बोलला नाही. आई मात्र म्हणाली, ‘काही म्हणजे काही खात नाही हो हा.’

हे वाक्य मी मुंबईत ऐकलंय, मिरजेत ऐकलंय, आणि अमेरिकेतून व्हिडिओ कॉलवर सल्ला विचारणाऱ्या नाशिकच्या बाईंकडूनही ऐकलंय. त्यांच्या मुलाची उंची सहा फूट एक इंच होती. काही न खाता.

आजींचं शास्त्र वेगळं. तिथे सगळी सूत्रं बदामांवर चालतात. रात्री भिजत घातलेले चार बदाम, सकाळी सोलून. चार बदामांत प्रथिनं असतात जेमतेम ग्रॅमभर, पण आजींचा विश्वास किलोभराचा. त्यापुढे तूप. ‘आमच्या वेळी पैलवान शेर शेर तूप प्यायचे’ हे ऐकून एका आजींनी बुद्धिबळ खेळणाऱ्या नातवाला तुपाची वाटी सुरू केली होती. नातू जिल्ह्यात तिसरा आला आणि खुर्चीत मावेनासा झाला.

पैलवानांच्या खुराकाची थट्टा मात्र मी करणार नाही. कोल्हापूरच्या तालमीत जाऊन पाहावं. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ साली खासबागेचं मैदान बांधलं, तेव्हापासून या शहराला पोरगं काय खातं याची काळजी आहे. गावाकडून आलेली चौदा-पंधरा वर्षांची पोरं तालमीत राहतात, स्वतःचं स्वतः रांधतात. पहाटे जोर-बैठका, मग दगडी खलात बदाम, खसखस, बडीशेप, मिरी वाटून दुधातली थंडाई. वाटण्याची पाळी ज्याची, त्याचा अर्धा व्यायाम तिथेच होतो. मटणाचा आळणी रस्सा, अंडी, दूध. घरी बापाने एक म्हैस या पोराच्या नावाने ठेवलेली असते आणि तिचं दूध डेअरीला घातलं जात नाही; शेतकऱ्याच्या हिशेबात हा खर्च लहान नाही. आणि वस्ताद! कोणी काय खाल्लं हे वस्तादांना वही न पाहता कळतं. ‘रातच्याला भेळ खाल्लीस न्हवं?’ असं विचारल्यावर पोरगं कबूल करून मोकळं. पंधरा बैठका चालू असताना श्वासावरून भेळ ओळखणारा आहारतज्ज्ञ माझ्या विद्यापीठाने अजून घडवलेला नाही.

घोटाळा होतो तो वजनाच्या काट्यापाशी. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला विनेश फोगाट पन्नास किलो वजनगटात शंभर ग्रॅमने जास्त भरली आणि अंतिम सामन्यातून बाद झाली. रात्रभर घाम गाळला, केस कापले, तरी शंभर ग्रॅम उरलेच. देश हळहळला. त्यानंतर कुस्तीच्या पोरांनी मला जे प्रश्न विचारले त्यातला पहिला होता, ‘मॅडम, टक्कल केलं तर किती कमी होतं?’ तिथे निदान खेळाडू मोठी होती, सोबत डॉक्टर होते. इथे तालुक्याच्या स्पर्धेत वाढत्या वयाचं पोरगं खालच्या गटात बसावं म्हणून मे महिन्यात दोन स्वेटर घालून धावतं, आदल्या दिवसापासून पाणी बंद, आणि काट्याच्या रांगेत उभं राहून थुंकत असतं. थुंकून किती जाणार? उभं राहिल्या जागी भोवळ मात्र येते. काट्यावरून उतरलं की समोरच्या हॉटेलात मिसळ, वर लस्सी, आणि दोन तासांनी कुस्ती. उंची वाढायच्या वर्षांत हे करायला लावणाऱ्या मोठ्या माणसांना मी व्याख्यानात जागं ठेवते. त्यांच्यासाठी आवाज चढवते.

पाण्यावरून आठवलं. प्रशिक्षकांची एक जुनी पिढी आहे, माणसं सोन्यासारखी, पदरमोड करून पोरं घडवणारी. पण सरावात पाणी मागितलं की त्यांच्या अंगाचा तिळपापड होतो. ‘पाणी प्यायलं की पोटात गोळा येतो. आम्ही नाही कधी प्यालो.’ अशांना मी १९०४ सालच्या सेंट लुईस ऑलिंपिकमधल्या मॅरेथॉनची गोष्ट सांगते. भर उन्हाळा, धुळीचा रस्ता, आणि संयोजकांची अशीच समजूत की पाणी कमी दिलं तर काय होतं ते बघू या. काय झालं? बत्तीस धावले, चौदा पोचले. पहिला आला तो थॉमस हिक्स. त्याला वाटेत सोबतच्यांनी पाण्याऐवजी स्ट्रिक्नीन, अंड्याचा पांढरा बलक आणि ब्रँडी पाजली होती. स्ट्रिक्नीन म्हणजे कुचल्याचं विष. तो जवळजवळ उचलून आणावा लागला. ही गोष्ट ऐकून एक सर बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, ‘अंडं चांगलं असतं म्हणा.’

पण त्याच सरांनी पुढच्या आठवड्यापासून दर वीस मिनिटांनी पाण्याची शिट्टी सुरू केली. आता त्यांच्या मैदानावर पाणी न पिणाऱ्याला दोन फेऱ्या जास्त असतात. खुंटामागे लपून पाणी सांडणारी मुलं मी तिथे पाहिली आहेत.

पाण्याच्या जागी मुलांना हवं असतं ते रंगीत पाणी. निळं, केशरी, किंवा पोपटी डब्यातलं, ज्यावर वीज कडाडताना दाखवलेली असते. त्या डब्यावर बारीक अक्षरात ‘लहान मुलांसाठी नाही’ असं छापणं कायद्याने सक्तीचं आहे. ते वाचल्यामुळेच पंधरा वर्षांची मुलं ते विकत घेतात. आणि आयांचा भर दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरीवर. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन दुकानांना कळवलं की बोर्नव्हिटासारखी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरात दाखवू नका, कारण अन्नसुरक्षा कायद्यात अशी व्याख्याच नाही. मी हे एका पालकसभेत वाचून दाखवलं. एक आई शांतपणे म्हणाली, ‘त्याशिवाय तो दूधच पीत नाही. तुम्ही येता का पाजायला?’ मी पुढच्या मुद्द्यावर गेले.

मुलींचं प्रकरण वेगळं आणि तिथे हसू जरा कमी येतं. २०१९ ते २१ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पंधरा ते एकोणीस वयाच्या देशातल्या मुलींपैकी एकोणसाठ टक्के रक्तक्षय असलेल्या निघाल्या. मैदानावर या आकड्याचा अर्थ साधा असतो: आठशे मीटर पळणारी पोरगी सहाशेला ढेपाळते आणि सर म्हणतात, ‘मनाने खचते.’ मन जागेवर असतं, हिमोग्लोबिन नऊ असतं. घरी तिच्या ताटात भाऊ उठल्यावर जे उरतं ते येतं. त्यातच आत्या येऊन सांगून जाते की खेळून खेळून रापलीस, मांड्या जाड झाल्या, पुढे कोण करणार? मग ती आपण होऊन भाकरी अर्धी करते. सराव दुप्पट, भाकरी अर्धी; दोन-तीन महिन्यांत पाळी थांबते आणि घरचे म्हणतात, बरं झालं, स्पर्धेत अडचण नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली या उपासमारीला एक लांबलचक नाव दिलं. गावातल्या आयांना मी नाव सांगत नाही, एवढंच सांगते की पाळी थांबणं ही सोय नसून हाडं ठिसूळ व्हायची सुरुवात आहे, पोरीला पोटभर वाढा आणि डॉक्टरांकडे न्या. ते लगेच कळतं.

लोहाच्या बाबतीत आपल्या स्वयंपाकघराने उत्तम सोय केली होती. पोह्यांत थोडं लोह, त्यावर लिंबू पिळायची पद्धत, लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे ते लोह अंगी लागायला मदत. कोणा अनाम पूर्वज बाईंचे पाय धरावेत असा मेळ. आणि मग पोह्यांच्या बशीला चिकटूनच चहाचा कप! चहातली टॅनिनं त्या लोहाला वाटेतच अडवतात. लिंबाने कमवायचं आणि चहाने उधळायचं, असा हा महाराष्ट्राचा राज्यनाश्ता आहे. चहा तासाभराने घ्या, असं मी सांगितलं तेव्हा सभागृहातल्या मुली ‘हो’ म्हणाल्या आणि मागे बसलेले बाबा उठून गेले.

उपवासाबद्दल बोलताना मी जपून बोलते. जिल्हास्तरीय स्पर्धा आणि संकष्टी यांचं काय साटंलोटं आहे कोण जाणे, दोन्ही एका दिवशी येतात. सगळ्यांची अपेक्षा असते की मी साबुदाण्याच्या खिचडीवर तुटून पडेन. पण पळायला जे इंधन लागतं ते पिष्टमयच असतं, आणि साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. शेंगदाण्याचं कूट सढळ हाताने, तेल-तूप आवरून, वर दही, आणि सामन्याआधी तीन तास, एवढं पाळलं तर खिचडीत काही वाईट नाही. वाईट आहे ते चंद्रोदयापर्यंत काही न खाणं. चंद्र नऊ-साडेनऊला उगवतो, पंच चारला शिट्टी वाजवतात.

खरी गोम वेळेतच आहे. शाळा बारा ते साडेपाच, मधली सुट्टी अडीचला, सराव सहाला. म्हणजे दुपारचा डबा आणि मैदान यांच्यात साडेतीन तासांचं वाळवंट. तो डबाही मित्रांनी पळवलेला. त्या रिकाम्या पोटावर दोन तास पळायचं आणि आठ वाजता फाटकाबाहेरच्या गाडीवर जे दिसेल त्यावर तुटून पडायचं. मुलं वडापाव चवीसाठी खातात हा आपला गैरसमज. तो तिथे असतो, गरम असतो आणि परवडतो.

म्हणून एका क्लबात आम्ही सरावाआधी प्रत्येकाला एक केळं आणि मूठभर गूळ-फुटाणे द्यायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे कार्यकारिणीच्या तीन सभा झाल्या. पहिल्या सभेत केळ्याने कफ होतो की नाही यावर चर्चा झाली. निर्णय पुढे ढकलण्यात आला. दुसऱ्या सभेत खजिनदारांनी केळी डझनावर घ्यावीत की किलोवर, हा मुद्दा उपस्थित केला आणि किलोवर घेतल्यास सालीचे पैसे वाया जातात असं निरीक्षण नोंदवलं. तिसऱ्या सभेत ठराव झाला. पहिल्याच दिवशी लक्षात आलं की मोठी केळी चढाईपटूंना आणि बारकी पकड करणाऱ्यांना जातात. बचाव फळीने सराव बंद ठेवला. मग सर्वांना सारखी म्हणून इलायची केळी आणली, तर ती दोन-दोन द्यावी लागली आणि खजिनदार पुन्हा बसले. साली शेजारच्या खो-खोच्या मैदानावर जाऊ लागल्या. एका पोरीने खुंट मारताना असा अप्रतिम सूर मारला की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती मात्र केळ्याच्या सालीवर घसरली होती. वार्षिक सभेत लेखापरीक्षकांनी ‘क्रीडासाहित्य’ या शीर्षाखाली केळी कशी, असा आक्षेप घेतला. अध्यक्षांनी उत्तर दिलं की चेंडू आणि केळं दोन्ही एका मोसमात संपतात. आक्षेप मागे घेण्यात आला. मुलं आता सव्वासहालाही पळतात आणि पावणेआठलाही, एवढाच काय तो फरक.

अंड्यापाशी मात्र महाराष्ट्र अजून घुटमळतो. सरकारचंही तसंच. नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरलं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचे पैसे बंद झाले आणि द्यायचंच असेल तर लोकवर्गणीतून द्या असं शाळांना कळवण्यात आलं. अंड्यासाठी वर्गणी मागत दारोदार फिरणारे मुख्याध्यापक मी अद्याप पाहिलेले नाहीत. मंडपासाठी मागणारे पाहिलेत.

घरांमध्ये तर अंड्याचा भूगोल असतो. अंडं घरात चालत नाही, पण गॅलरीत चालतं. एका वॉटरपोलो खेळणाऱ्या मुलाच्या घरी मी तो संसार पाहिला: गॅलरीच्या कोपऱ्यात विजेची शेगडी, तिच्यावर काळं पडलेलं एक पातेलं, एक झारा, एक ताटली, मिठाची वेगळी पुडी. पातेल्यावर कागद चिकटवलेला, ‘आत आणू नये’. पावसाळ्यात आई एका हातात छत्री धरून अंडी उकडायची. मुलगा तिथेच उभ्याने खायचा, कारण ताटलीलाही उंबरा ओलांडायची परवानगी नव्हती. आजींना हे सगळं माहीत होतं. त्या त्या वेळी गॅलरीकडे पाठ करून जपमाळ घ्यायच्या.

मग मुलाची राज्याच्या संघात निवड झाली. आजींनी आईला बोलावून सांगितलं की पावसात असं उभं राहू नकोस, ओट्यावर कर, पण मी घरात नसताना. तेव्हापासून त्या रोज संध्याकाळी पाचला समोरच्या विठोबाच्या देवळात जातात. जाताना दारातून विचारतात, ‘आज किती आहेत गं? म्हणजे तेवढा वेळ बसते.’